टीव्हीचा वायरलेस हेडफोन: आवाज मागे पडतो, तुटतो किंवा येतच नाही, तेव्हा काय तपासायचं

सिडकोतल्या रो-हाउसपासून गंगापूर रोडच्या फ्लॅटपर्यंत, नाशिकमध्ये टीव्ही आणि साउंड बसवून देण्याचं माझं काम आहे. त्यात एक तक्रार सारखी येते. वडिलांना नीट ऐकू यावं म्हणून, किंवा पोरं झोपल्यावर मॅच बघता यावी म्हणून वायरलेस हेडफोन आणला आणि तो टीव्हीवर धड चालत नाही. बहुतेक घरांत हेडफोन चांगलाच निघतो. गडबड असते ती टीव्हीतून आवाज बाहेर पडतो तिथे, नाहीतर मधल्या वाटेत. म्हणून दुसरा हेडफोन मागवायच्या आधी खालच्या गोष्टी क्रमाने करून बघा. फुकटातलं आधी ठेवलंय, पैशाचं नंतर.

तक्रार नेमकी कोणती?

हे आधी ठरवा, कारण प्रत्येक लक्षणाची वाट वेगळी आहे.

• ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. बॅटला बॉल लागून गेल्यावर ‘टक’ ऐकू येतं.
• आवाज मधेमधे तुटतो, विशेषतः उठून स्वयंपाकघरात गेलं की.
• स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ दिसतं, पण हेडफोन मुका. किंवा मालिका ऐकू येते आणि ओटीटीवरचा सिनेमा मुका.
• हेडफोन लावला की टीव्हीचा स्पीकर बंद होतो आणि बाकीच्यांना काही ऐकू येत नाही.
• मागे सतत घूंऽऽ असा आवाज.
• एका कानात कमी येतं.
• आवाज मोठा आहे, पण शब्द कळत नाहीत.

फुकटातल्या तपासण्या

हेडफोन बाजूला ठेवा आणि टीव्ही त्याच्याच स्पीकरवर ऐका. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जवळून दिसेल असं चॅनेल लावा. तिथेही ओठ आणि शब्द जुळत नसतील तर दोष चॅनेलचा किंवा सेट टॉप बॉक्सचा आहे, हेडफोनचा संबंधच नाही. बॉक्सचा प्लग भिंतीतून काढून मिनिटभराने परत लावा. हे सगळ्यात आधी करायचं, कारण इथेच उत्तर सापडलं तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

आता तोच हेडफोन मोबाइलला जोडून एखादं गाणं ऐका. मोबाइलवर स्वच्छ वाजला, तुटला नाही, दोन्ही कानांत सारखा आला, तर हेडफोन ठीक आहे. गाण्याने उशीर कळत नाही, उशिराचं नंतर बघू. मोबाइलवरही तुटत असेल तर आधी पूर्ण चार्ज करा. बॅटरी उतरत आली की बरेच हेडफोन तुटक वाजतात.

मोबाइलचं काम झालं की त्याचं ब्लूटूथ बंद करा. घरातल्या बाकीच्या फोनचंही करा. मुलाने एकदा स्वतःच्या फोनला जोडलेला हेडफोन चालू होताच तो फोन शोधतो, आणि टीव्ही बिचारा वाट बघत बसतो. एकदम दोन उपकरणांना जोडणारे हेडफोन तर फोनवर साधं नोटिफिकेशन आलं तरी टीव्हीचा आवाज सोडून देतात. कॉल आला तर माइक चालू होतो आणि आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा येतो. टीव्हीसाठी ठेवलेला हेडफोन फक्त टीव्हीलाच जोडलेला राहू द्या, निम्मी कटकट तिथेच संपते.

मग टीव्हीच्या ब्लूटूथ यादीतून हेडफोन काढून टाका, टीव्ही भिंतीच्या बटणावरून बंद करा, मिनिटभर थांबा आणि नव्याने जोडा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर झोपलेला असतो, त्याच्या आतली अडकलेली जोडणी तशीच राहते. म्हणून भिंतीचं बटण.

ओठ आणि आवाज: इथे नीट वेळ द्या

सगळ्यात जास्त फोन याचेच असतात, आणि सगळ्यात जास्त चुकीची खरेदीही इथेच होते.

आवाज ब्लूटूथने पाठवताना आधी दाबून लहान करावा लागतो, मग हवेतून जातो, मग हेडफोनमध्ये परत उलगडतो. या पद्धतीला कोडेक म्हणतात. प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतोच तो एसबीसी. त्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशीर होतो. आपल्याकडचं प्रक्षेपण सेकंदाला २५ चौकटींचं, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. २०० मिलिसेकंद म्हणजे चित्र पाच चौकटी पुढे निघून गेलेलं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या मागे साधारण १२५ मिलिसेकंद पडला की माणसाला जाणवायला लागतं आणि १८५ च्या पुढे ते चालवून घेण्यासारखं राहत नाही. गाणी ऐकताना जो हेडफोन उत्तम वाटतो तोच टीव्हीवर का खटकतो, ते या आकड्यांत आहे. गाण्याला चित्र नसतं, त्यामुळे उशीर कळतच नाही.

आता एक छोटी चाचणी. टीव्हीच्याच आतल्या अ‍ॅपवर एखादा व्हिडिओ लावा आणि ओठ बघा. मग सेट टॉप बॉक्सवर बातम्या लावा आणि परत बघा. अ‍ॅपवर जुळतं आणि बॉक्सवर जुळत नाही, असं पुष्कळ घरांत दिसतं. त्याचं कारण असं की अ‍ॅपला आवाज किती उशिरा पोचणार याचा अंदाज असतो आणि ते चित्र तेवढं थांबवून धरतं. बॉक्सवरून एचडीएमआय केबलने येणारं चित्र मात्र टीव्ही बहुधा थांबवत नाही, आलं तसं दाखवतो. तुमच्या घरी असंच असेल तर हेडफोन आणि टीव्ही दोन्ही निर्दोष आहेत, जोडायची पद्धत बदलावी लागेल.

त्याआधी दोन सेटिंग बघा. साउंडच्या मेनूत ‘एव्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ अशी पट्टी असते. लोक ती वाढवत नेतात आणि परिस्थिती आणखी बिघडते. बहुतेक टीव्हींमध्ये ती आवाजाला मागे ढकलते, पुढे ओढत नाही. जो आवाज अजून पोचलाच नाही तो आधी वाजणार कसा? म्हणून ती शून्यावर आणा. काही टीव्हींत ब्लूटूथसाठी वेगळी पट्टी असते, ती असेल तर दोन्ही बाजूंना सरकवून बघा. दुसरं सेटिंग गेम मोडचं. तो चालू असला की टीव्ही चित्रावर कमी प्रक्रिया करून ते लवकर दाखवतो, म्हणजे ब्लूटूथचा आवाज आणखी मागे पडल्यासारखा वाटतो. सिनेमा आणि बातम्यांसाठी तो बंद ठेवा. लॅपटॉपवरून बघत असाल तर व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळांनी आवाज मागेपुढे करता येतो, तिथे हा प्रश्न फुकटात सुटतो.

खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.३’ लिहिलेलं बघून घेऊ नका. त्या आकड्याने उशीर कमी होतो असं नाही. कोडेक कोणता आहे ते महत्त्वाचं, आणि तो दोन्ही बाजूंना असावा लागतो. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सीमध्ये उशीर साधारण ४० मिलिसेकंदांवर येतो, म्हणजे एका चौकटीवर. पण हेडफोनमध्ये तो आहे आणि टीव्हीत नाही, तर दोघं मिळून एसबीसीवरच बोलणार. यात पैसे वाया गेलेली घरं मी बरीच बघितली आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

जोडलंय, पण आवाज नाही

साउंड आउटपुटमध्ये हेडफोन निवडलेला आहे ना, ते बघा. नुसतं ‘कनेक्टेड’ असून भागत नाही.

ट्रान्समीटर, म्हणजे टीव्हीचा आवाज हेडफोनला पाठवणारी वेगळी डबी, ऑप्टिकल केबलने (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या केबलने) जोडला असेल तर टीव्हीत ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवर, म्हणजे न दाबलेल्या साध्या आवाजावर ठेवा. ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’वर असेल तर डॉल्बीतला सिनेमा लागताच ट्रान्समीटरला तो उलगडता येत नाही आणि हेडफोन मुका होतो, साधा स्टिरिओ कार्यक्रम मात्र वाजतो. ‘मालिका येते, सिनेमा येत नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. सेट टॉप बॉक्सच्या मेनूतही डॉल्बीचं वेगळं सेटिंग असतं, तेही बघा.

नवी ऑप्टिकल केबल असेल तर तिची दोन्ही टोकं नीट बघा. टोकावर पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपी असते. ती इतकी स्वच्छ असते की केबलचाच भाग वाटते, आणि ती तशीच ठेवून केबल दाबून बसवली जाते. टोपी काढा, एक टोक टीव्हीत लावा, टीव्ही चालू करा आणि दुसरं टोक हाताच्या तळव्याकडे धरा. तळव्यावर लाल ठिपका पडला पाहिजे. ठिपका पडला म्हणजे टीव्हीचं ऑप्टिकल चालू आहे आणि केबलही ठीक आहे, वरचं पीसीएमचं सेटिंग बरोबर असेल तर दोष पुढे आहे. नाही पडला तर टीव्हीचं सेटिंग किंवा केबल बघायची. केबल जोरात वाकवू नका, आतली प्रकाशाची तार वाकली की काम थांबतं.

घरच्यांना ऐकू येत नाही ही तक्रारही याच मेनूतली. बऱ्याच नव्या टीव्हींमध्ये हेडफोन आणि टीव्हीचा स्पीकर एकत्र चालू ठेवायची सोय साउंड आउटपुटमध्ये किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या मेनूत असते. नसेल तर ऑप्टिकलने जोडून बघा. पुष्कळ टीव्हींवर ऑप्टिकल चालू असतानाही स्पीकर वाजत राहतो, ३.५ मिलिमीटरच्या भोकात पिन घातली की मात्र तो सहसा बंदच होतो. फक्त एक लक्षात ठेवा, ऑप्टिकलवर बहुधा टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होत नाही, तो हेडफोनवर करावा लागतो. आजींना हे हाताला धरून दाखवून ठेवा.

आवाज तुटतो तेव्हा

ब्लूटूथ, राउटरच्या वायफायची जुनी लहरींची पट्टी आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे तिघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. ब्लूटूथ त्या पट्ट्यात १ मेगाहर्ट्झच्या ७९ मार्गिकांवरून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतो आणि गर्दीच्या मार्गिका टाळतो, म्हणून तर तो एरवी चालतो. सिडको किंवा इंदिरानगरच्या दाटीवाटीच्या इमारतींत शेजारच्या चार घरांचे राउटर तुमच्या भिंतीपलीकडेच असतात, तिथे मोकळी मार्गिका मिळणं अवघड जातं.

टीव्हीचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, किंवा शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीला लॅन केबल द्या. टीव्हीत वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच चिपवर असतात, तीच पट्टी दोघांनी वापरली की आपसातच ओढाताण होते. दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला आणि नेमका तेव्हाच आवाज तुटला, तर कारण समोरच आहे. टीव्हीला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती काढून बघा, तिच्या केबलचा गोंगाटही याच पट्ट्यात पडतो.

ट्रान्समीटरची डबी कुठे आहे तेही बघा. भिंतीवरच्या टीव्हीमागे लोखंडी ब्रॅकेटला चिकटवून ठेवली की तिचा अर्धा जीव तिथेच जातो. अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डबी टीव्हीच्या कडेला, बसलेल्या माणसाला दिसेल अशी ठेवा. माणसाचं अंगही या लहरी अडवतं, कारण त्यात पाणी आहे. जुन्या नाशकातल्या किंवा पंचवटीतल्या वाड्यांच्या जाड भिंती असतील तर दुसऱ्या खोलीत ब्लूटूथ पोचायची अपेक्षा ठेवू नका.

घूंऽऽ येत असेल तर

हे पिनेच्या किंवा लाल-पांढऱ्या वायरने जोडलेल्या ट्रान्समीटरवरच होतं. आधी केबल टीव्हीची गोल वायर बॉक्समधून काढून बघा. आवाज थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे, बाहेरून आलेल्या वायरचं आणि घरातल्या वायरिंगचं अर्थिंग वेगळ्या पातळीवर आहे. ऑप्टिकलवर गेलात तर हा प्रश्न मिटतो, कारण त्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर असतानाच घूं येत असेल तर तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असणार, हेडफोनला दोष देऊ नका.

थोडे पैसे घालायची वेळ

एवढं करूनही ओठ जुळत नसतील तर टीव्हीचं स्वतःचं ब्लूटूथ सोडून द्या. दोन वाटा आहेत. हेडफोन कमी उशिराचा कोडेक घेणारा असेल तर तोच कोडेक असलेला ट्रान्समीटर घ्या आणि ऑप्टिकलने जोडा. नाहीतर टीव्हीसाठीच बनवलेला, स्वतःच्या स्टँडसकट येणारा संच घ्या. घरात कानाने कमी ऐकणारं माणूस असेल तर माझा सल्ला दुसऱ्या वाटेचा आहे. त्यात जोडाजोडी नाही. स्टँडवरून उचलला की चालू, ठेवला की चार्जिंग. सत्तरीपुढच्या माणसाला ब्लूटूथचा मेनू रोज उघडायला लावणं बरोबर नाही.

या संचांतले २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल संच उशीर फार कमी ठेवतात. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅनालॉग आरएफ (रेडिओ लहरींच्या) संचात उशीर जवळपास नसतोच, मात्र शांत प्रसंगात मागे बारीक सूं ऐकू येतं. इन्फ्रारेडचा संच समोरासमोर असेल तरच चालतो आणि उन्हात गडबडतो.

घेताना काय बघायचं? वजन, कारण दोन तास डोक्यावर राहायचाय. बटणं बोटाला चाचपून कळतील एवढी मोठी. कानावरच्या गाद्या बदलता येतात का. बॅटरी बदलता येते का. काही संचांत एएए आकाराचे रिचार्जेबल सेल असतात, दोन-तीन वर्षांनी ते थकतात आणि आवाज अर्ध्या तासात जातो. तेव्हा फक्त सेल बदला, अख्खा संच नाही. मात्र साधे, रिचार्ज न होणारे सेल घालून तो स्टँडवर ठेवायचा नाही. ते तापतात, गळतात, फुटूही शकतात.

एम.जी. रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, परत करायची मुदत विचारून घ्या आणि पहिल्याच संध्याकाळी आपल्या टीव्हीवर, आपल्या बॉक्सवर, बातम्या लावून बघा. दुकानात मोबाइलवर गाणं ऐकवतात, त्यावरून टीव्हीचं काहीच कळत नाही. स्टँडची वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. टीव्ही बंद झाला की बऱ्याचदा ती वीजही बंद होते आणि हेडफोन सकाळी रिकामाच मिळतो. भिंतीतला अ‍ॅडाप्टर लावा.

कान आणि हेडफोन, दोष कुणाचा?

एका कानात कमी येत असेल तर हेडफोन उलटा घाला, डावा उजव्यावर. कमी आवाज दुसऱ्या कानात गेला तर हेडफोनचा दोष. त्याच कानात राहिला तर तो कानाचा प्रश्न आहे. मळ असू शकतो, आणखीही काही असू शकतं. स्वतः काडी घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत गेलं असेल तर त्याच दिवशी दाखवा. त्यात उशीर झाला तर ऐकू येणं परत मिळायची शक्यता कमी होते.

‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ असं आजोबा म्हणतात तेव्हा ते खरंच सांगत असतात. वयाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं. स, श, फ, त ही अक्षरं त्या पट्टीत आहेत. नुसता आवाज वाढवला की ढोल-ताशा वाढतो, अक्षरं नाही. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा संवाद ठळक करणारी सोय चालू करा, बास कमी आणि ट्रेबल थोडा जास्त ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, एवढी मर्यादा आहे. हेडफोन शेजारच्या खुर्चीवर ऐकू येत असेल तर तो फार मोठा आहे. कानामागचं श्रवणयंत्र असेल आणि वर हेडफोन घातल्यावर शिट्टी वाजत असेल, तर हेडफोन बदलण्यापेक्षा श्रवणयंत्र देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टला विचारा. बऱ्याच यंत्रांना टीव्हीचा आवाज थेट पाठवणारं उपकरण मिळतं.

इथे थांबा

टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या पॉवर बोर्डच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. ऑप्टिकलमध्ये लाल दिवा नाही, पिनेच्या भोकातूनही आवाज नाही आणि फॅक्टरी रीसेटनेही फरक पडला नाही, तर बोर्डाचं काम आहे, कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा. हेडफोनची बॅटरी फुगलेली दिसली, गादीखाली कवच उचललेलं दिसलं किंवा चार्जिंगला हात भाजेल इतका तापला, तर त्याच क्षणी चार्जिंग बंद करा, तो दाबू नका, टोचू नका. कचऱ्याच्या गाडीत नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हेडफोनचा विषय बाजूला ठेवून आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या.

मेकॅनिकला फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, हेडफोनचं नाव, मोबाइलवर तो नीट वाजतो का, आणि तक्रार फक्त बॉक्सवर येते की अ‍ॅपवरही. एवढं कळलं की अर्धं काम फोनवरच होतं, आणि लागणारी केबल तो येतानाच घेऊन येतो.